कंप्रेसरजवळ डिटेक्टर वाजला तर ऐकू येतो का कोणाला?

खाडीकाठचा:
गॅस प्लांटमध्ये फील्ड ऑपरेटर आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात नवा संच मिळाला. हेल्मेटला बसणारे इअरमफ, त्यातच वॉकीटॉकीचा हेडसेट आणि कॉलरला अडकवायचा चार गॅसचा डिटेक्टर. बोलणं झकास ऐकू येतं. आधी मफ उचलून, एका कानात बोट घालूनही "वाल्व्ह उघड" की "उघडू नको" हे दोनदा विचारायला लागायचं.

परवा रात्रपाळीला पाऊस होता म्हणून वरून रेनकोट चढवला. कंप्रेसरचा राउंड मारून आलो तर जोडीदार म्हणतो, "अरे, छातीवर काय लुकलुकतंय?" एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू), पीक १२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १२. अलार्म १० ला लावलेला. मला ना आवाज, ना थरथर. रेनकोटाच्या आत एवढा, तर बाहेर किती असेल? (गळती सापडली, ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलची होती.) तुमच्याकडे हा अलार्म थेट कानात येतो का?

जुना इन्स्ट्रुमेंटवाला:
डिटेक्टर वाजतो एक फुटावर साधारण ९५ डेसिबल. कंप्रेसर १००. त्यावर मफ. कसा ऐकू येणार, बाबा?

डिटेक्टर रेनकोटाच्या वरच हवा, नाकापासून वीतभर अंतरात. वासावर तर मुळीच विसंबू नकोस, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. अलार्म ब्लूटूथने हेडसेटमध्ये देणारी मॉडेल्स मिळतात, पण खरेदीवाल्यांना एक विचारायला सांग: जोडणी तुटली तर हेडसेट ओरडतो की गप्प बसतो? गप्प बसणारा घेऊ नका. आणि वॉकीटॉकीला बाजारातली स्वस्त बॅटरी लावली की त्याचं ज्वलनशील जागेसाठीचं प्रमाणपत्र गेलंच म्हणून समज. हे मी दोन प्लांटमध्ये पाहिलंय.

दाढी_होती:
आमच्याकडे श्वसनसंचाच्या मास्कमध्येच माइक आलाय. मास्क चेहऱ्याला घट्ट बसेना म्हणून वीस वर्षांची दाढी गेली. घरी आई खूश, मी नाही.

समुद्रावरचा:
हेडसेट घ्याच, पण पाळी बदलतानाचं बोलणं त्याच्यावर सोडू नका. ६ जुलै १९८८, नॉर्थ सीमधला पायपर अल्फा हा तेल-गॅसचा प्लॅटफॉर्म. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, हे रात्रपाळीला कळलंच नाही. त्यांनी पंप चालू केला, गळती होऊन स्फोट झाला. १६७ माणसं गेली. आम्ही अजून रजिस्टर समोर धरून, कामाच्या परमिटवर बोट ठेवून पाळी देतो. नवी पोरं हसतात.

खाडीकाठचा:
@जुना, जोडणीचा प्रश्न खरेदीवाल्यांना मेलने विचारला. उत्तर आलं: "कंपनीला विचारून सांगतो." तोवर सेफ्टीवाल्यांना विचारून रेनकोटाला बाहेरून पट्टी शिवून घेतली. टेलर म्हणाला, "काय साहेब, मेडल लावायचंय का?"