मदत हवी आहे: मुलीच्या हायस्कूलसाठी रँकिंगवर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत असतो, लेक आठवीत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी हायस्कूल. आमच्या झोनमधली (घराच्या पत्त्यावरून ठरते ती) पब्लिक म्हणजे सरकारी शाळा ग्रेटस्कूल्सवर, म्हणजे शाळांना १० पैकी गुण देणाऱ्या वेबसाइटवर, ५ आणि पंधरा मिनिटांवरची दुसरी ९. यूएस न्यूज या मीडिया कंपनीच्या देशभरातल्या हायस्कूलांच्या यादीत तर दोघींमध्ये काही हजार नंबरांचं अंतर. झालं, नवऱ्याने एवढं बघितलं आणि लीज संपली की ९वालीच्या झोनमध्ये भाड्याने जायचं हे मनाशी पक्कं करून टाकलं. तिथलं भाडं असं आहे की लेकीच्या कॉलेजसाठी दर महिन्याला बाजूला टाकतो ते पैसे त्यातच जाणार, म्हणजे चांगल्या कॉलेजात जावी म्हणून कॉलेजचेच पैसे खर्च करायचे 😅 लेकीला अजिबात जायचं नाहीये, तिच्या मैत्रिणी इथे, ऑर्केस्ट्रा इथे. आमच्या ग्रुपमध्ये विचारलं तर सगळे म्हणतात ५? वेडी आहेस का? पण त्यातल्या एकानेही त्या शाळेत कधी पाऊल ठेवलेलं नाही.

मग मी बसून जरा खोदकाम केलं. यूएस न्यूजवाले २०१९ पासून १७ हजारांच्या वर शाळांना नंबर देतात. त्यात ३० टक्के वजन बारावीतल्या किती मुलांनी एपी किंवा आयबीची (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) परीक्षा दिली आणि किती पास झाली याला, वर १० टक्के एकाहून जास्त विषयांत ती परीक्षा देण्याला, म्हणजे ४० टक्के तिथेच गेले. राज्याच्या परीक्षेतल्या मार्कांना २०, ग्रॅज्युएशन रेटला १०, मागास गटातल्या मुलांच्या कामगिरीला १०. उरलेले २० मला सगळ्यात कामाचे वाटले, शाळेतल्या मुलांची परिस्थिती बघता जेवढे मार्क अपेक्षित होते त्यापेक्षा ती पुढे गेली की मागे पडली हे त्यात बघतात. पण यादीत दिसतो फक्त शेवटचा एक नंबर! शिवाय डेटाही जुना, २०२४ची यादी २०२१-२२च्या आकड्यांवर.

मला पडलेला प्रश्न असा की ज्या शाळेत बहुतेक आईबाप डॉक्टर-इंजिनियर, घरोघरी ट्यूशन, तिचा नंबर वर येणारच ना, मग त्यात शाळेने काय केलं आणि घराने काय केलं हे वेगळं कसं काढायचं? आणि दोन्ही शाळांना एकाच रांगेत उभं करणं मुळात बरोबर आहे का? कुणी असा निर्णय घेतला असेल तर प्लीज सांगा, मार्चपर्यंत ठरवायचंय.

प्रतिसाद १
आम्ही मुलासाठी घर बदललं होतं, पश्चात्ताप नाही. रँकिंगला शिव्या घालणं सोपं आहे हो ताई, पण आमच्या जुन्या शाळेत कॅल्क्युलस बीसी (एपीतला गणिताचा वरचा कोर्स) नव्हतंच, मुलाला गणितात पुढे जायचं होतं, करणार काय? नंबर सोडा, दोन्ही शाळांचा कोर्स कॅटलॉग काढा आणि लेकीला लागणारे विषय दरवर्षी खरंच चालतात का ते विचारा, कागदावर असतात आणि मुलं कमी म्हणून रद्द होतात.

प्रतिसाद २
इंग्लंडमधून लिहितोय. इथे १९९२ पासून लीग टेबल, म्हणजे निकालांवरून शाळांच्या याद्या, आहेत, आणि बरीच वर्षं हाच वाद की ही शाळेची यादी आहे की पालकांच्या पगाराची. शेवटी २०१६ पासून प्रोग्रेस ८ आणलं, म्हणजे मूल अकराव्या वर्षी कुठे होतं आणि सोळाव्या वर्षी कुठे पोचलं, तेही सुरुवातीला तेवढेच मार्क असलेल्या देशभरातल्या मुलांशी तुलना करून. त्यातही गरिबी धरलेली नाही म्हणून ओरड आहेच. वेल्सने तर २००१ मध्ये टेबल छापणंच बंद केलं.

प्रतिसाद ३
पब्लिक स्कूलमध्ये शिकवते, म्हणून थोडं पोटतिडकीने लिहितेय. माझ्या वर्गात वर्षाच्या मध्ये आलेली, इंग्रजी नुकतंच शिकणारी मुलं असतात, त्यांचेही मार्क सरासरीत धरतात, आणि लोक ती सरासरी बघून म्हणतात इथे शिकवत नाहीत. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांचं काम वाचा, सरासरी मार्क घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेले दिसतात, पण मुलं दरवर्षी किती शिकतात याचा तेवढा संबंध दिसत नाही. (ते तिसरी ते आठवीचं आहे, हायस्कूलचं नाही, पण मुद्दा कळतो.) तुम्ही एक करा, राज्याचं स्कूल रिपोर्ट कार्ड उघडा. २०१५च्या केंद्राच्या कायद्यामुळे त्यात गटवार निकाल द्यावेच लागतात. तुमच्या लेकीसारख्या घरातून आलेली मुलं दोन्हीकडे कशी करतात तेवढंच बघा. ५ आणि ९ मधला फरक बऱ्याचदा तिथेच विरघळतो.

प्रतिसाद ४
टेक्सासमध्ये असाल तर उलटाच हिशोब आहे. १९९७च्या कायद्याने आपल्या शाळेतल्या वरच्या १० टक्क्यांत आलात की राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश (युटी ऑस्टिनचा आकडा याहून कमी आहे). ९वाल्या शाळेत जीव काढून १५ टक्क्यांत आलात तर त्याचा काय उपयोग? आमच्या ओळखीतल्या एकांनी मुद्दाम साधी शाळा निवडली.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. आम्ही टेक्सासमध्ये नाही, पण ४ नंबरचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, पाच मिनिटं गप्प होता 😀 काल रिपोर्ट कार्ड उघडून बसलो. आमच्यासारख्या घरातल्या मुलांचा गणितातला फरक अगदीच किरकोळ निघाला, इंग्रजीत तर आमचीच शाळा थोडी पुढे. मग सरासरी एवढी खाली कशी? तर इथे इंग्रजी शिकणारी मुलं तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त, तिथे जवळजवळ नाहीतच.

पण १ नंबरच्या दादांचा मुद्दा खरा निघाला, आमच्या शाळेत फिजिक्सचं एपी गेल्या वर्षी मुलं कमी म्हणून चाललंच नाही आणि लेकीला फिजिक्स आवडतं. काउन्सेलरला मेल टाकलाय की असा विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात घेता येतो का, क्रेडिट धरतात का. कुणाच्या मुलांनी असं ड्युअल एनरोलमेंट केलं असेल तर लिहा, विशेषतः ने-आण कशी जमवलीत ते, कारण आमच्याकडे गाडी एकच आहे.