सिकलसेलचा पेशंट, श्वास २६, सॅच्युरेशन ९५. डॉक्टरांना कसं पटवून द्यायचं?

रातपाळी_नागपूर:
इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. वॉर्डात सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तरुण पोरगा आहे, पाठ-कंबर दुखते म्हणून परवा भरती झाला. सलाईन आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू. रात्री पूर्ण मिनिटभर मोजला तर श्वास २६. चार्टवर मात्र प्रत्येक पाळीत १८! नाडी १०८, बीपी ११८/७६, ताप १००.२, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९५. आरएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर) सर म्हणाले, "सॅच्युरेशन बरं आहे ना, दुखण्यानं वाढला असेल." पुढे काय बोलावं सुचलं नाही. दुखण्याचा श्वास आणि छातीचा श्वास वेगळा ओळखायचा कसा?

मेडिसिन_वॉर्ड_सिस्टर:
अगं, आधी वॉर्डात फोन लाव आणि दिवसपाळीच्या सिस्टरला आत्ता श्वास मोजायला सांग. बाकीचं नंतर वाच.

विदर्भात सिकलसेलचे पेशंट आपल्याला नेहमीच भेटतात. दुखण्यासाठी भरती झालेल्याची छाती दोन-तीन दिवसांनी बिघडू शकते, त्याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. जीव जाऊ शकतो त्यात. दुखण्याचं औषध दिल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा मोज. दुखणं उतरलं आणि श्वास तिथेच, तर नुसतं दुखण्यावर ढकलू नको. उलट ट्रॅमाडॉलनं श्वास मंदावतो, वाढत नाही. खोल श्वास घ्यायला सांग, मधेच छाती धरून थांबतो का बघ. एक वाक्य सलग बोलून राहिला का? आणि ९५ एकटा बघू नको, भरतीच्या वेळचा आकडा काढ. ९८ वरून ९५ आला असेल तर तो उतार आहे.

फोनवर "पेशंट बरा वाटत नाही" म्हणू नको. असं सांग: "सर, सिकलसेल, भरतीचा तिसरा दिवस. श्वास २६, मिनिटभर मोजलाय. औषधानंतरही तोच. मला छातीची शंका येते. तुम्ही येऊन बघा, तोवर एक्स-रेची तयारी करते." फोनची वेळ नोट्समध्ये लिही. तरी कोणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना लाव, त्यात कुणाचा अपमान नाही.

निवासी_डॉक्टर:
ताईंशी सहमत. न्यूज-२ स्कोअर (नाडी, श्वास वगैरे मोजून पेशंट किती बिघडलाय ते सांगणारे गुण) काढा: श्वास २५ किंवा जास्त म्हणजे ३, सॅच्युरेशन ९५ ला १, नाडी १०८ ला १. झाले ५. पाचला डॉक्टरांनी तातडीनं बघायला हवं, आणि एकट्या श्वासाचे ३ असले तरीही. आकडा ऐकला की आम्हाला नाही म्हणणं जड जातं. पेशंट नव्यानं गोंधळला तर आणखी ३ मिळवा.

रातपाळी_नागपूर:
फोन केला. आता २८ आहे, सरांना बोलावलंय. भरतीला ९८ होतं. वॉर्डात तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर (खोल श्वास ओढला की आतले प्लास्टिकचे चेंडू वर जातात ते यंत्र) पडून आहे, ते कामाचं आहे का?

मेडिसिन_वॉर्ड_सिस्टर:
आज तरी आधी डॉक्टर आणि एक्स-रे. ते यंत्र दुखण्यासाठी आलेल्या प्रत्येक सिकलसेल पेशंटला पहिल्या दिवसापासून द्यायचं: जागा असेल तोवर दर दोन तासांनी १० खोल श्वास. गोळ्या वर टिकल्या पाहिजेत, नुसत्या उडवायच्या नाहीत. नातेवाइकांनाही शिकव, रात्री तेच जवळ असतात.