गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक फलकावरून शिवारात कसं उतरवायचं?

रब्बी_नियोजन: दुष्काळी पट्ट्यातलं गाव, ९०० हेक्टर, वस्ती १,५००, सरासरी पाऊस ४५० मिमी. ग्रामपंचायतीने यंदा पाण्याचं अंदाजपत्रक, म्हणजे पाणी किती आलं आणि कशाला किती वापरायचं याचा हिशेब, मांडायचं ठरवलंय. पाणी नियोजनासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावाचं उदाहरण सगळेच देतात, पण आकडे चावडीवर लावले तरी ज्याला ऊस लावायचा तो लावतोच. हिशेब कसा मांडावा? आणि लोकांनी तो पाळावा म्हणून काय करावं?

पाणलोट_मित्र: एक हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर. त्या हिशेबाने तुमच्या शिवारात ४०५ कोटी लिटर पडतं. सभेत एवढाच आकडा सांगू नका, पाणी उदंड आहे असं वाटतं. त्यातलं बरंचसं पिकं आणि ऊन घेतात, काही ओढ्याने जातं. आपल्या काळ्या पाषाणात मुरतं ते ढोबळमानाने ५ ते १२ टक्के. ८ टक्के धरले तर ३२ कोटी.

आता खर्च. माणशी रोज ५५ लिटरने वर्षाला ३ कोटी. मोठी जनावरं ४०० असतील तर रोजी ६० लिटरने ८८ लाख. हे आधी बाजूला काढायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. उरलं साधारण २८ कोटी. पाटाने भिजवलेल्या उसाला एकरी ८० लाख लिटर सहज लागतं, म्हणजे ३५ एकर उसात गावाचं मुरलेलं सगळं पाणी संपतं. फलकावर हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहा. बंधारे-शेततळ्यांचा साठा वेगळा मोजा.

विहीर_नोंद: मुरण्याची टक्केवारी हा अंदाज आहे. लोकांचा विश्वास बसतो तो विहिरीवर. पाणलोटाच्या माथ्याला, मध्यावर आणि पायथ्याला मिळून आठ-दहा विहिरी निवडा. कठड्यावर रंगाची खूण करून दरवेळी तिथूनच टेप सोडा. मोजणी एकाच दिवशी, सकाळी, मोटारी सुरू व्हायच्या आत. उपसा झाल्यावर मोजलं तर पातळी खोटी दिसते आणि पुढे सगळा वाद तिथूनच सुरू होतो. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. टेप विहीरमालकाच्याच हातात द्या. स्वतः मोजलेला आकडा माणूस नाकारत नाही.

रब्बी_नियोजन: हिशेब समजला, आभार. पण ज्यांना विहीरच नाही, त्यांनी हा नियम का मानावा?

समन्यायी: मुद्द्याचा प्रश्न हाच आहे, आणि बहुतेक गावांत तो टाळला जातो. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली, तिचे नियम बघा. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के हिस्सा सभासदांचा. वाटा सगळ्यांचा असला की राखणही सगळेच करतात. हिवरे बाजारातही नुसता फलक नाही: तिथे ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअर यांवर बंदी आहे. बोअर मोकळं सोडलं तर शेजारची विहीर आटते, आणि नियम पाळणाराच तोट्यात जातो.

ग्रामसभा कांद्याची रोपं टाकायच्या आधी घ्या. रोप टाकलेल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड. ठरावात 'पाणी जपून वापरा' असं मोघम नको. पिकानुसार एकर लिहा: ज्वारी-हरभरा किती, कांदा किती, उन्हाळी भाजीपाला किती. महिलांची सभा आधी घ्या, पिण्याच्या पाण्याचा राखीव हिस्सा त्याच ठरवतील. जानेवारीत विहिरी पुन्हा मोजा. पातळी अंदाजापेक्षा खाली असेल तर उन्हाळी भाजीपाल्याला दिलेली परवानगी तेव्हाच मागे घ्या. ही अट पहिल्याच ठरावात हवी.