बेपत्ता काकांचे सीसीटीव्ही फुटेज : वेळ जुळत नाही, शर्टाचा रंगही जुळत नाही

त्रिमूर्तीनगरकर (प्रश्न)

नागपुरातील आमच्या गल्लीतील एक काका (वय ७१, सरकारी खात्यातून निवृत्त) गेल्या मंगळवारी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, फिरून येतो असे सांगून घराबाहेर पडले ते अद्याप परतलेले नाहीत. वर्षभरापासून त्यांना विसर पडू लागला होता, तरी घरचा रस्ता ते कधी चुकले नव्हते. मोबाइल घरीच राहिला आहे. पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद त्याच रात्री झाली. त्यांच्या मुलाच्या संमतीने मी हे लिहीत आहे. नाव आणि छायाचित्र मुद्दाम देत नाही, कारण येथे मला मदत हवी आहे ती हाती आलेल्या पुराव्याचा अर्थ लावण्यासाठी.

गल्लीतील मुलांनी दुकानोदुकानी फिरून फुटेज गोळा केले, त्यातील तीन तुकडे कामाचे वाटतात. पहिला प्रतापनगर चौकाजवळच्या औषधाच्या दुकानाचा आहे. पडद्यावरील वेळ सकाळी ११.२०, अंगात मरून शर्ट, हातात कापडी पिशवी. ते काकाच आहेत याविषयी घरच्यांना शंका नाही. अडचण अशी की शेजारच्या काकूंनी त्यांना पावणेबारा वाजता आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पाहिले आहे आणि त्या आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत. दुसरा तुकडा गणेशपेठ बसस्थानकाबाहेरील नाश्त्याच्या दुकानाचा, वेळ सायंकाळी ४.५०. त्यात काका पाठमोरे दिसतात आणि खाकी सदरा घातलेला एक माणूस त्यांचा दंड धरून त्यांना रस्त्यापलीकडे नेतो. तिसरा अजनी स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका घराच्या फाटकावरचा, रात्री ९.३५ चा. चाल, उंची, पिशवी सारे काकांसारखे, पण शर्ट पांढरा.

एवढ्या सामग्रीवर आमच्या ग्रुपने पूर्ण कथा रचली आहे: काकू काहीतरी लपवत आहेत, खाकी सदऱ्यातील माणूस ऑटोचालक आहे आणि त्यानेच काकांचे कपडे बदलले. एका मुलाने त्या माणसाचा चेहरा मोबाइलमधील अ‍ॅपने ‘स्पष्ट’ केला, तो फेसबुकवर शोधला आणि एक प्रोफाइलही काढले. ते छायाचित्र आज रात्री सर्व ग्रुपांवर टाकावे असा बहुतेकांचा आग्रह आहे. काकांचा मुलगा द्विधा मनःस्थितीत आहे. या तीन तुकड्यांवर किती विश्वास ठेवावा आणि पुढे काय करावे?

बर्डीतला_कॅमेरेवाला

माझा व्यवसाय कॅमेरे बसवण्याचा आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

पडद्यावरची वेळ म्हणजे त्या डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, घड्याळाची वेळ. बहुतेक दुकानांत हे यंत्र इंटरनेटला जोडलेले नसते, आतला छोटा सेल कधीचाच संपलेला असतो आणि वीज गेली की घड्याळ मागे पडते किंवा थेट जुन्या तारखेवर जाते. मग कोणीतरी अंदाजाने वेळ लावतो. त्यामुळे काकूंच्या सांगण्याला खोटे ठरवण्याआधी यंत्राची परीक्षा घ्या. दुकानात जा, डीव्हीआरचा चालू पडदा आणि मोबाइलवरील वेळ एकाच छायाचित्रात येतील असा फोटो काढा. जो फरक दिसेल तो कागदावर लिहा आणि दुकानदाराची सही घ्या. तिन्ही ठिकाणी हे करा, कारण तीन यंत्रांची तीन घड्याळे असतात आणि तुम्ही ती एकच असल्याप्रमाणे वाचत आहात.

पांढऱ्या शर्टाचे कोडे मला मुळीच गूढ वाटत नाही. अंधार पडला की कॅमेरा भिंगामागची अवरक्त किरणे अडवणारी काच बाजूला सारतो आणि स्वतःचे अवरक्त दिवे लावतो. त्या उजेडात रंग दिसत नाहीत. कापडावरचा रंग ती किरणे शोषतो की परत फेकतो एवढेच दिसते. काळे, निळे, मरून टेरिकॉट कापड पुष्कळदा फिकट राखाडी किंवा चक्क पांढरे उमटते. पण ‘पुष्कळदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे, म्हणून प्रयोग करा. काकांचा त्याच ताग्यातला दुसरा शर्ट घरी असल्यास, किंवा त्यांच्या शिंप्याकडे तुकडा उरला असल्यास, तो घालून कोणालातरी रात्री साडेनऊला त्याच फाटकासमोरून चालवा आणि फुटेज शेजारी ठेवून पाहा. शर्ट पांढरा दिसला तर कपडे बदलल्याची कथा निकालात निघेल. मात्र तेवढ्याने ते काकाच होते असेही ठरणार नाही.

अ‍ॅपने स्पष्ट केलेल्या चेहऱ्याविषयी जरा कडक लिहितो. मूळ फुटेजमध्ये तो चेहरा वीस-पंचवीस ठिपक्यांचा असेल. अ‍ॅपने हजारो चेहरे पाहिलेले असतात. त्यांवरून ते एक बरा चेहरा रचून देते, आणि तो त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा नसतो. त्यावरून निघालेले प्रोफाइल कचऱ्यात टाका.

आणि सर्वांत तातडीचे. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) दराने सतत चालले तर दिवसाला साधारण ८६ जीबी साठवण लागते, म्हणजे १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. मुलांनी मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून आणला असेल तर ते फुटेज नव्हे. पेन ड्राइव्हवर मूळ फाइल उतरवून घ्या, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा तासभरही घ्या. पुढे पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शून्यछाया

वरील प्रतिसादात एक भर. आज घड्याळ बरोबर दिसले तरी मंगळवारी ते बरोबर होते याची खात्री नाही. मधल्या काळात कोणी दुरुस्त केले असू शकते. पहिला तुकडा उन्हातला आहे, तेव्हा सूर्याला विचारा.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नागपूर ७९.१ अंशांच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे सूर्य सरासरीने बारा वाजून चौदा मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. नोव्हेंबरच्या आरंभी मात्र सूर्य घड्याळापेक्षा सोळा मिनिटे पुढे असतो, म्हणून सध्या आपली खरी दुपार ११.५७ ते ११.५८ ला होते. त्याआधी सावली उत्तरेच्या पश्चिमेला कलते, त्यानंतर पूर्वेला. ११.२० ही वेळ खरी असेल तर चौकातील विजेच्या खांबाची सावली उत्तरेपासून पंधरा अंशांच्या आसपास पश्चिमेकडे पडलेली दिसली पाहिजे. ती पूर्वेकडे असेल तर बारा वाजून गेले होते.

गणित नको असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. आठवडाभरात सूर्याची जागा फारशी बदलत नाही. फुटेजमध्ये खांबाची सावली कोणत्या फरशीवर किंवा दुभाजकाच्या कोणत्या पट्ट्यावर आहे ते पाहा, ऊन असलेल्या दिवशी तेथे उभे राहा आणि सावली त्याच जागी आली की घड्याळ बघा. दोन-चार मिनिटांच्या फरकाने खरी वेळ मिळेल. सरळ उभा खांब निवडा, झाड नको.

वकील_सिव्हिललाइन्स

ही गोष्ट न्यायालयापर्यंत जाऊ नये अशीच इच्छा आहे, पण गेली तर फुटेज टिकले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमधील माहितीवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण) नोंदवायचे असते. जुन्या कायद्यातील ६५-ब कलमाचे हे पुढचे रूप आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा वाद येथे आठवावा. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले की नाही, हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रीकरणावर येऊन ठेपला होता, म्हणजे तेथेही भांडण वेळेचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मात्र ते मिळवण्यासाठी संबंधिताने शक्य ते सारे केले आणि अधिकाऱ्यांनीच दिले नाही, म्हणून त्या प्रकरणात सवलत दिली. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की डीव्हीआर तुम्ही हाताळू नका, ठाण्यातील तपास अंमलदाराला लेखी अर्ज देऊन तिन्ही ठिकाणचे फुटेज जतन करण्याची मागणी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ते मागवू शकतात. बसस्थानक, रेल्वे आणि मेट्रोचे फुटेज तर तुम्हाला त्याखेरीज मिळणारच नाही.

खाकी सदऱ्यातील माणसाचे छायाचित्र ‘अपहरणकर्ता’ या सुरात पसरवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी साधा विचार करा. दंड धरून रस्ता ओलांडून देणे ही कृती गुन्हेगाराची वाटते, कारण तुम्हाला पुढचे माहीत आहे. ते माहीत नसते तर तुम्ही त्याला भला माणूस म्हटले असते.

मानेवाडा_रोड

सर्वांविषयी आदर राखून वेगळे मत मांडतो. सावल्या मोजत बसण्याइतका वेळ आहे का? विस्मरणाचा त्रास असलेला वृद्ध माणूस कित्येक रात्री बाहेर आहे. त्या ऑटोचालकाला काही माहीत असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत जलद मार्ग छायाचित्र पसरवणे हाच आहे. पोलिसांकडे एका मिसिंगसाठी किती मनुष्यबळ असते हे आपण सारे जाणतो.

जुना_सभासद

आपली घाई मला समजते, पण ती ज्या वाटेने जाते तिचा अनुभव जगाच्या गाठीशी आहे. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर एफबीआयने संशयितांची धूसर छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि रेडिटवरील हौशी तपासनिसांनी त्यांतील एक चेहरा महिनाभरापासून बेपत्ता असलेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याशी जुळवला. त्याचे कुटुंब त्याला शोधण्यासाठी चालवत असलेले फेसबुक पान शिव्याशापांमुळे बंद करावे लागले, म्हणजे ज्या पानावर खरी माहिती येऊ शकली असती तेच गेले. २३ एप्रिलला त्याचा मृतदेह प्रॉव्हिडन्स येथील नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या सेसिल हॉटेलात मृत आढळलेल्या एका तरुणीच्या लिफ्टमधील फुटेजवरून मेक्सिकोतील एका संगीतकाराला खुनी ठरवून धमक्या देण्यात आल्या. तो त्या हॉटेलात उतरला होता खरा, पण एक वर्ष आधी. शवचिकित्सेअंती त्या तरुणीचा मृत्यू अपघाती बुडण्याचा ठरला.

आता उलट उदाहरण. २०२१ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्यात बेपत्ता तरुणीच्या शोधात एका प्रवासी दांपत्याच्या गाडीतील कॅमेऱ्याचे चित्रण मोलाचे ठरले, कारण त्यात तिची पांढरी व्हॅन कोणत्या जागी उभी होती हे दिसत होते आणि त्यांनी ते एफबीआयला कळवले. तो कोणाचा चेहरा ओळखल्याचा दावा नव्हता; कोणती वस्तू, कोठे आणि कधी, एवढेच त्यात होते.

म्हणून घाई कराच, पण छायाचित्र काकांचे पसरवा. ‘मंगळवारी सायंकाळी पाचच्या सुमारास गणेशपेठ बसस्थानकासमोर या आजोबांना रस्ता ओलांडण्यास कोणी मदत केली असल्यास कृपया पोलिसांशी संपर्क साधावा’ असे लिहिले की तो माणूस स्वतः पुढे येण्याची शक्यता वाढते. त्याचाच फोटो ‘अपहरणकर्ता’ म्हणून फिरला तर तो घराचे दारही उघडणार नाही.

आईची_लेक

माझ्या आईला हाच आजार होता, म्हणून फुटेजबाहेरचे लिहिते. अशी माणसे हाक मारली तरी ओ देत नाहीत आणि एका दिशेने चालत राहतात, बरेचदा जुन्या सवयीच्या जागेकडे. काका नोकरीत असताना रोज कोठून कोठे जात होते? गणेशपेठ आणि अजनी ही नावे त्या वाटेवर येतात का? मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात ‘अनोळखी पुरुष’ म्हणून झालेल्या नोंदी प्रत्यक्ष जाऊन पाहा, फोनवर कोणी नीट सांगत नाही. कोराडी मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालय, महापालिकेचे बेघर निवारे आणि ताजबाग दर्गा येथेही कोणालातरी पाठवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तेथेही नोंद करा. शहरातील मर्गच्या (अकस्मात मृत्यूंच्या) नोंदी तपासण्याचे काम मुलाला देऊ नका, दुसऱ्या कोणी करावे.

त्रिमूर्तीनगरकर

सर्वांचे आभार. दोन दिवसांत जे झाले ते नोंदवतो.

औषधाच्या दुकानाचा डीव्हीआर ५७ मिनिटे मागे आहे. सावलीचा प्रयोगही केला; फुटेजमध्ये खांबाची सावली दुभाजकाच्या ज्या काळ्या पट्ट्याच्या कडेला आहे, तेथे ती १२.१५ ते १२.२० च्या दरम्यान आली. दोन्ही हिशेब जुळतात आणि काकूंचे पावणेबारा खरे ठरतात. गल्लीपासून चौकापर्यंत वृद्ध माणसाला तेवढा वेळ लागतोच. नाश्त्याच्या दुकानाचे घड्याळ तीन मिनिटे पुढे आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्यासमोर काकांचा त्याच ताग्यातला दुसरा शर्ट घालून मीच चाललो, तो पांढराशुभ्र दिसला.

छायाचित्र कोठेही टाकलेले नाही. अंमलदारांना लेखी अर्ज दिला असून मूळ फाइल त्यांनी जमा करून घेतल्या आहेत. जुना_सभासद यांनी सुचवलेले आवाहन पसरवल्यावर खाकी सदऱ्यातील गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतः ठाण्यात आले. ते ऑटोचालक नसून बसस्थानकाजवळच्या एका गोदामात काम करतात. त्यांनी सांगितले की काका ‘ऑफिसची गाडी’ विचारत होते आणि पलीकडे सोडल्यावर दक्षिणेकडे चालू लागले. काका नोकरीची बरीच वर्षे अजनीहून रेल्वेने वर्ध्याला जात-येत असत, हे मुलाने काल सांगितले. त्याला ते महत्त्वाचे वाटले नव्हते.

वकील_सिव्हिललाइन्स

मग शहर पोलिसांवर थांबू नका. रेल्वेच्या हद्दीतील तपास लोहमार्ग पोलिसांकडे असतो आणि स्थानकांवरील कॅमेरे रेल्वे सुरक्षा दलाच्या देखरेखीखाली असतात, तेव्हा दोघांनाही आजच स्वतंत्र अर्ज द्या. अर्जात मंगळवारी रात्री ९.३५ नंतर अजनीहून वर्ध्याच्या दिशेने सुटलेल्या गाड्यांचा स्पष्ट उल्लेख करा. फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या घड्याळातील फरक मात्र आपण वर लिहिलेला नाही. तो आधी कळवा, त्यावर गाडी कोणती हे ठरेल.

त्रिमूर्तीनगरकर

तो कॅमेरा इंटरनेटला जोडलेला आहे आणि त्याची वेळ अचूक निघाली. दोन्ही अर्ज घेऊन आम्ही आता अजनीला निघालो आहोत. वर्धा, सेवाग्राम आणि बुटीबोरी स्थानकांच्या परिसरात राहणाऱ्या कोणाकडे मंगळवारच्या रात्रीचे फुटेज असेल, तर ते पुसले जाण्याआधी कृपया मूळ फाइल उतरवून ठेवावी आणि मला निरोप द्यावा.