शब्दचर्चा : क्वेकरांच्या 'डिसओन'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

माझी सून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली, आईकडून क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यातली. नातीसाठी दोन्ही घरांची वंशावळ एका वहीत मराठीत लिहायला घेतली आहे. आमच्या बाजूचं फारसं अडलं नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सहा पिढ्या सापडल्या, पणजोबांची मोडीतली सहीसुद्धा. सुनेच्या बाजूला मात्र एका शब्दापाशी गाडी थांबली आहे.

तिचे पूर्वज आधी नॉर्थ कॅरोलायनातल्या गिलफर्ड काउंटीत होते. तिथल्या क्वेकर सभेच्या, म्हणजे पंथाच्या स्थानिक मंडळीच्या, नोंदींचा छापील गोषवारा मिळाला. त्यात एका मुलीच्या नावापुढे एवढंच आहे : '१८१२, ८, २९. डिस. एमसीडी.' डिस म्हणजे डिसओन्ड, आणि एमसीडी म्हणजे पंथाच्या शिस्तीविरुद्ध लग्न केलं, इतकं सुनेनं सांगितलं. मी लिहिलं, 'लग्नावरून समाजानं तिला वाळीत टाकलं.' नात अकरा वर्षांची आहे. तिनं वाचून विचारलं, "आजी, म्हणजे तिला विहिरीवर पाणीपण भरू दिलं नाही का?" सून म्हणाली, "छे, ती तर दर रविवारी प्रार्थनेला त्याच बाकावर जाऊन बसायची, असं आमच्या घरात सांगतात." मग ते वाळीत टाकणं कसं? मी ओळ खोडली आहे, पण जागा रिकामीच आहे. नेमका शब्द सुचवा.

उत्तर

वाळीत टाकणं खोडलंत ते योग्यच केलंत. 'बहिष्कृत'ही नको. आपल्याकडे त्या शब्दाबरोबर बंद झालेलं पाणी, किराणा, देवळाची पायरी आणि प्रेताला न मिळालेले खांदेकरी, असं सगळं येतं. जातपंचायतींच्या या छळासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. इतक्या जड अर्थाचा शब्द दुसऱ्या कुणाच्या सौम्य प्रथेला लावला, तर दोन्हीकडे अन्याय होतो. मी 'सभासदत्व रद्द' असं सुचवेन.

उत्तर

'सभासदत्व रद्द' म्हटलं की हाउसिंग सोसायटी डोळ्यांपुढे येते. 'अव्हेरलं' कसं वाटतं? ज्ञानेश्वरीपासून चालत आलेला शब्द आहे. किंवा 'फारकत दिली'. फारकत, जुन्या कागदांतली फारखत, म्हणजे मुळात संबंध सोडल्याचा लेखी कागदच.

उत्तर (थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्या)

फिलाडेल्फियाजवळ राहून अशा नोंदी बरीच वर्षं वाचते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. गाठ 'डिसओन'मधल्या 'ओन'मध्ये आहे. आज त्याचा पहिला अर्थ मालकी, पण सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'मान्य करणं, कबूल करणं, आपलं म्हणणं' हा अर्थ अगदी रुळलेला होता. त्यामुळे क्वेकरांचं 'डिसओन' म्हणजे हाकलणं नव्हे. 'हे कृत्य आमचं नव्हे, आणि ते केल्याबद्दल पस्तावा होईपर्यंत ही व्यक्ती आमची म्हणून ओळखू नये,' असं सभेनं जगाला सांगणं.

असं सांगायची गरज का पडली? जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी १६५०च्या आसपास इंग्लंडात हा पंथ उभा केला, तेव्हा तुरुंग आणि बदनामी त्यांच्या पाचवीला पुजलेली होती. कुणी एकानं कर्ज बुडवलं तरी बोट साऱ्या पंथाकडे जायचं. म्हणून सभा कागदावर लिहून जाहीर करायची, की याच्या वागण्याला आम्ही जबाबदार नाही. मराठी वर्तमानपत्रांत 'जाहीर प्रगटन' येतं ना, 'माझा मुलगा माझ्या सांगण्याबाहेर आहे, त्याच्याशी कुणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही'? मला सगळ्यात जवळचं तेच वाटतं.

रीतही पाहा. कारभार मासिक सभेकडे असे. तक्रार आली की दोन-तीन जण त्या माणसाच्या घरी जाऊन बसत, बोलत, पुन्हा जात. हे कधीकधी कित्येक महिने चाले. त्यानं चूक मान्य करणारा कागद लिहून दिला तर प्रकरण तिथंच मिटे. नाही दिला तर प्रगटन लिहिलं जाई, आणि त्यात बहुधा परतीची वाट ठेवलेली असे. निर्णय पटला नाही तर वरच्या, त्रैमासिक सभेकडे दाद मागता येई. नाव गेल्यावर कारभाराच्या बैठकीत बसता येत नसे, सभा त्याची वर्गणी घेत नसे. प्रार्थनेला यायला मात्र मोकळीक होती. तुमच्या सुनेच्या घरातली बाकाची आठवण याच्याशी तंतोतंत जुळते.

कारणं नाना तऱ्हेची : पंथाबाहेर लग्न, पाद्र्याकडून लग्न लावून घेणं, दारू, जुगार, सैन्यात जाणं, दिवाळं निघणं. कैद्यांसाठी आयुष्य वेचणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या नवऱ्याची बँक १८२८ मध्ये बुडाली आणि सभेनं त्याला डिसओन केलं. तिचं सभासदत्व तसंच राहिलं, दोघांचा संसारही तसाच राहिला. 'वाळीत' या शब्दात हे बसूच शकत नाही.

दुसरं घर पेनसिल्व्हेनियातलं, स्क्वायर बून यांचं. अमेरिकेत रानवाटा शोधण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डॅनियल बूनचे हे वडील. १७४२ मध्ये मुलीनं बाहेर लग्न केलं, तेव्हा आईवडिलांनी सभेपुढे चूक मान्य केली. पाच वर्षांनी मुलानं तेच केलं. या वेळी वडील मुलाच्या बाजूनं उभे राहिले, कागद लिहून द्यायला तयार झाले नाहीत, आणि १७४८ मध्ये त्यांचं नाव गेलं. बाप तोच, प्रसंगही तोच. फरक फक्त कागद देण्या-न देण्याचा.

उत्तर

माहिती उत्तम, पण 'सौम्य प्रथा' हे मला पटत नाही. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसकट अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर काढण्याचं प्रकरण, आलं. तिथंही तक्रार, चौकशी, प्रायश्चित्त, सगळं रीतसरच होतं. रीत सभ्य असली म्हणून सोसणाऱ्याला लागत नाही असं थोडंच आहे? अकरा वर्षांच्या मुलीला हे सांगताना त्या मुलीच्या बाजूनंही लिहायला हवं. लहानपणापासून ज्यांना ती आपली म्हणत आली, त्यांनी ही आमची नव्हे असं लिहून वाचून दाखवलं. मी तर 'अव्हेरलं'च लिहीन.

उत्तर (फिलाडेल्फियाजवळून)

तुमचं म्हणणं मान्य. सौम्य हा शब्द माझा नाही, आणि नसावाच. बेंजामिन ले हा माणूस याचा पुरावा आहे. अंगानं ठेंगणा, पाठीला बाक. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांना तो भर सभेत जाब विचारायचा. १७३८ मध्ये न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत त्यानं पुस्तकाच्या पोकळीत लाल रसाची पिशवी लपवून आणली आणि सगळ्यांसमोर तिच्यात तलवार खुपसली. गुलाम ठेवणं म्हणजे असं रक्त सांडणं आहे, हे दाखवायला. त्याच वर्षी त्याला डिसओन केलं. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं ठरवलं, की जे गुलामांना मुक्त करणार नाहीत त्यांनाच डिसओन करा. ले तोवर वारला होता. अलीकडे त्याच्याच जुन्या अ‍ॅबिंग्टनच्या सभेनं, तो आपल्या सभेच्या वृत्तीशी एकरूप होता, असं लिहून मान्य केलं.

शब्द निवडताना मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. मेलेल्या माणसाला सभासद करून घेता येत नाही. 'हा आमचा' असं मात्र म्हणता येतं. म्हणून मराठी शब्द 'आपला म्हणणं – न म्हणणं' याच क्रियापदाभोवतीचा हवा. 'अव्हेरणं' भावनेला बरोबर उतरतं, पण त्यात लेखी जाहीर करणं येत नाही. 'फारकत'मध्ये कागद येतो, पण कानाला नवराबायकोच ऐकू येतात, आणि इथं विषय नेमका लग्नाचा! वाचणाऱ्याला वाटेल तिचा काडीमोड झाला.

मूळ प्रश्नकर्ती

फारकतीचा घोटाळा माझ्या लक्षातच आला नव्हता. सुनेचा एक प्रश्न आहे. या नोंदीनंतर ही बाई सभेच्या वहीतून नाहीशीच होते. पुढे शोधायचं कुठं?

उत्तर (फिलाडेल्फियाजवळून)

पहिली गोष्ट, छापील गोषवाऱ्यावर थांबू नका. विल्यम वेड हिनशॉ यांच्या क्वेकर वंशावळींच्या ग्रंथमालेनं १९३६ पासून लाखो लोकांना वाट दाखवली, पण त्यात 'डिस' या दोन अक्षरांत चार-पाच महिन्यांच्या भेटीगाठी मिटवलेल्या असतात. मूळ इतिवृत्त बघा. स्त्रियांची मासिक सभा वेगळी बसायची आणि त्यांची वही वेगळी असायची, तेव्हा तीच मागा. नॉर्थ कॅरोलायनातल्या वह्या ग्रीन्सबरोच्या गिलफर्ड कॉलेजात आहेत, पेनसिल्व्हेनियाच्या बाजूच्या स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड कॉलेजात. कोण दोघी तिच्या घरी गेल्या, तिनं काय उत्तर दिलं, हे बहुधा तिथंच मिळेल.

नवऱ्याचं नाव काउंटीच्या लग्नबंधपत्रांत पाहा. नॉर्थ कॅरोलायनात १८६८ पर्यंत नवरदेवाकडून, लग्नाला कायद्याची आडकाठी नाही अशा हमीचं, बंधपत्र घेत. नंतर मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट चर्चच्या नोंदी, जमिनीची खरेदीखतं, आणि तिच्या वडिलांचं मृत्युपत्र. मृत्युपत्र तर आवर्जून बघा. सभेनं नाव काढलं तरी बापानं लेकीला वाटा ठेवलेला असू शकतो, आणि तिथं ती सासरच्या नावानं भेटते. भावंडं सभेत राहिली असतील तर त्यांची स्थलांतराची प्रमाणपत्रंही शोधा. गुलामगिरीला कंटाळून तिथले पुष्कळ क्वेकर ओहायो-इंडियानाकडे गेले. जुन्या सभेनं दाखला द्यायचा, नव्या सभेनं तो वहीत उतरवून घ्यायचा, अशी पद्धत होती. इंडियानातल्या रिचमंडची व्हाइटवॉटर सभा १८०९ची आहे, तिथून सुरुवात करा.

तारखांचं एक सांगून ठेवते. क्वेकर महिन्यांना नावं देत नसत, आकडे देत, कारण नावं मूर्तिपूजकांच्या देवांची. १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च होता. म्हणजे १७४०च्या नोंदीतला 'अकरावा महिना' हा आजच्या हिशेबानं जानेवारी १७४१. तुमची नोंद १८१२ची आहे, तेव्हा आठवा महिना ऑगस्टच. २९ तारखेला शनिवार होता.

आणि 'डिस'च्या पुढे, दहा-वीस वर्षांनंतरच्या पानांवरही नजर फिरवा. कागद लिहून देऊन परत आलेल्या बायका पुष्कळ सापडतात.

मूळ प्रश्नकर्ती

सून गिलफर्ड कॉलेजला पत्र लिहिते आहे, स्त्रियांच्या सभेच्या वहीसाठी. तक्त्यात जागा कमी आहे, तिथं 'सभेतून नाव काढलं' एवढंच लिहिलं. खालच्या मजकुरात तुम्हा दोघींचं मिळून असं लिहिलं आहे, नातीला वाचून दाखवलं आणि तिला कळलं :

'शनिवार, २९ ऑगस्ट १८१२. हिनं पंथाच्या शिस्तीविरुद्ध लग्न केलं, म्हणून सभेनं "ही आमची नव्हे" असं लिहून जाहीर केलं. ती प्रार्थनेला येत राहिली, असं घरात सांगतात.'

त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत, वहीचं उत्तर येईपर्यंत.