इंग्रजीत चेहऱ्याचं वर्णन करायला नेमके शब्द हवेत

मोरपिशी
मराठी कथांचा इंग्रजी अनुवाद करते आहे. चेहऱ्याचं वर्णन आलं की हात अडतो. 'नाकीडोळी नीटस', 'अपरं नाक', 'टपोरे डोळे', 'चेहऱ्यावर प्रेतकळा' यांच्यासाठी शब्दकोशात जे सापडतं ते वाक्यात बसवलं की भलताच माणूस उभा राहतो. नेमके शब्द हवेत, 'फेस' असलेले वाक्प्रचार हवेत, आणि एखादा शब्द कुठे खटकेल हे स्वतः तपासायची पद्धतही हवी.

टाकबोरू
यादी पाठ करण्याआधी प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारा: जे दिसतंय ते जन्माचं आहे, काही दिवसांचं आहे, की या क्षणाचं? आपल्याकडे ठेवण, कळा आणि भाव हे तीन शब्द आहेतच. इंग्रजीत या तिन्हींसाठी विशेषणं वेगळी लागतात आणि बहुतेक चुका इथेच होतात.

खोल डोळ्यांचंच बघा. 'डीप-सेट' म्हणजे हाडांची ठेवणच तशी. त्यात कमीपणा काही नाही. 'संकन' म्हणजे आजारपणानं, उपासमारीनं किंवा जागरणानं आत गेलेले. धडधाकट माणसाला 'संकन आइज' दिलेत तर वाचक त्याला आजारी समजून पुढे वाचतो आणि कथेत आजार कधी येतो याची वाट बघत बसतो. 'हाय चीकबोन्स' ही ठेवण, 'हॉलो चीक्स' म्हणजे बसलेली गालफडं. लाल चेहऱ्यातही हाच फरक: 'रडी' हा कायमचा, बहुधा उन्हावाऱ्यातला निरोगी तांबूसपणा, 'फ्लश्ड' हा तापानं, रागानं किंवा धावल्यानं आलेला, थोड्या वेळानं ओसरणारा.

ओढलेल्या चेहऱ्यासाठी चार शब्द आहेत आणि चौघांची कारणं वेगळी. 'गॉन्ट' मध्ये हाडं दिसतात. कारण भूक, वय किंवा लांबलेला आजार. 'हॅगर्ड' मध्ये थकवा आणि काळजी दिसते. माणूस जाडा असला तरी चालतो. 'ड्रॉन' त्याहून सौम्य, दोन रात्री झोप झाली की जाईल असा. 'पिंच्ड' म्हणजे थंडीनं, भुकेनं किंवा चिंतेनं आक्रसलेला, ओठ-नाक आवळल्यासारखा. प्रेतकळेला 'डेथली पेल' किंवा 'ॲशन' घ्या. पहिल्यात रंग उडालेला आहे, दुसऱ्यात राखेसारखा करडेपणा. धक्का बसलेल्या माणसाला दुसरा जास्त शोभतो. 'सॅलो' मात्र इथे नको, तो पिवळट आणि रोगट.

शब्दखूण
टाकबोरूंची कसोटी पक्की आहे. आता तुमचे शब्द.

अपरं नाक म्हणजे 'स्नब नोज': आखूड आणि टोकाला वर वळलेलं. बसकं नाक असेल तर 'फ्लॅट'. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. लहान मुलाचं छोटं गोल नाक असेल तर 'बटन नोज', त्यात लाडिकपणा आहे. गरुडासारखं बाकदार, रुबाबदार नाक 'ॲक्विलाइन'. हा शब्द लॅटिनमधल्या गरुडावरूनच आला आहे. तसंच नाक खलनायकाला द्यायचं असेल तर 'हुक्ड'. आकार जवळजवळ तोच, पण लेखकाची मर्जी उलटी.

टपोरे डोळे म्हणजे साधं 'लार्ज आइज'. 'बल्जिंग' चुकूनही नको. ते भीतीनं किंवा रोगानं बाहेर आलेले डोळे. काळ्याभोर डोळ्यांना 'डार्क आइज' म्हणा. 'ब्लॅक आय' म्हणजे ठोसा बसून काळानिळा झालेला डोळा, त्यामुळे 'शी हॅज अ ब्लॅक आय' वाचून इंग्रज वाचक दचकेल. घाऱ्या डोळ्यांना एकच शब्द नाही: छटा करडी असेल तर 'ग्रे', तपकिरी-हिरवट असेल तर 'हेझल', ठरवायचं नसेल तर 'लाइट-कलर्ड'.

गालावरची खळी 'डिंपल', हनुवटीवरची 'क्लेफ्ट चिन'. निमुळती हनुवटी 'पॉइंटेड', आत गेलेली 'रिसीडिंग'. 'वीक चिन' असंही म्हणतात, पण त्यात स्वभावावर शेरा येतो. कपाळाला 'ब्राउ' हा शब्द भेटतो, तोच भुवईलाही चालतो. आठी पडली तर 'फरोड ब्राउ' हे कपाळच.

रंगाबाबत जपून. 'व्हीटिश' भारतीय उपखंडाबाहेर सहसा कळत नाही. 'लाइट ब्राउन स्किन' लिहा. 'स्वॉर्दी' जुन्या कादंबऱ्यांत भरपूर आहे, आज तो अनेकांना अपमानकारक वाटतो. 'फेअर' मध्ये केसांचा फिकटपणाही येतो. 'टॉल, डार्क अँड हॅन्डसम' मधला 'डार्क' सुद्धा मुख्यतः काळ्या केसांचा.

निळावंती
सौंदर्याच्या शब्दांत 'होमली' सर्वांत धोक्याचा. आपल्याकडच्या इंग्रजीत तो घरंदाज, साधी अशा अर्थानं फिरतो. अमेरिकेत तो सरळ 'दिसायला बरी नाही' असा आहे. ब्रिटनमध्ये तो साधेपणाचा किंवा घरगुती उबेचा. अनुवादात टाळलेलाच बरा. 'हॅन्डसम' बाईलाही लावतात, पण तेव्हा बाई प्रौढ, ठसठशीत चेहऱ्याची असते. सोळा वर्षांच्या मुलीला तो जमत नाही.

'नाकीडोळी नीटस' साठी 'रेग्युलर फीचर्स' हे जवळजवळ चपखल आहे. फार देखणी नाही, पण खटकण्यासारखं काही नाही, हाच भाव त्यात येतो. मला हा पर्याय 'प्रिटी' पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

क्षणाच्या भावासाठी विशेषण शोधत बसू नका, क्रियापद घ्या. 'ग्रिन' दात दाखवून, 'बीम' आनंद मावत नाही असं, 'स्मर्क' स्वतःवर खूश आणि समोरच्याला डिवचणारं, 'स्नीअर' तुच्छतेचं. डोळे वटारणं म्हणजे 'ग्लेअर', धुमसत बघणं म्हणजे 'ग्लावर', वेदनेनं किंवा किळसेनं तोंड वेडंवाकडं होणं म्हणजे 'ग्रिमेस', कळ येऊन क्षणभर आक्रसणं म्हणजे 'विन्स'. 'फ्राउन' ब्रिटिश वाचकाला कपाळावरच्या आठ्या दाखवतो, बऱ्याच अमेरिकनांना खाली वळलेलं तोंड. नेमकं कपाळच हवं असेल तर भुवयांचा उल्लेख करा.

टाकबोरू
वाक्प्रचारांत अडचण अर्थाची कमी, व्याकरणाची जास्त. ते ठरलेल्या क्रियापदाबरोबरच चालतात.

'लाँग फेस' म्हणजे पडलेला चेहरा. लांबट ठेवणीचा माणूस असेल तर 'लाँग, नॅरो फेस' असं दुसरं विशेषण जोडा, म्हणजे घोटाळा होत नाही. 'स्ट्रेट फेस' बरोबर 'कीप': हसू दाबणं. 'पोकर फेस' वेगळा, त्यात कुठलाच भाव कळू द्यायचा नाही. 'पुट ऑन अ ब्रेव्ह फेस' म्हणजे आतून मोडलेलं असताना धीर दाखवणं. तोंड वाकडं करण्याला ब्रिटनमध्ये 'पुल अ फेस', 'मेक अ फेस' दोन्हीकडे चालतं. 'हिज फेस फेल' आणि आपलं 'चेहरा पडला' यांची जोडी तंतोतंत जुळते, तिथे बिनधास्त राहा. 'फेस लाइक थंडर' ब्रिटिश आहे, संतापासाठी. 'पो-फेस्ड' ही ब्रिटिशच: अति गंभीर, नापसंती दाखवणारा. 'ब्लू इन द फेस' रंगाचा नाहीच. 'अन्टिल' बरोबर येतो आणि कितीही सांगितलं तरी फुकट असा अर्थ देतो. 'रेड-फेस्ड' बहुधा ओशाळलेल्याला. 'फाइव्ह ओ'क्लॉक शॅडो' म्हणजे सकाळी दाढी करूनही संध्याकाळी दिसणारी काळपट झाक. दोन दिवसांच्या खुंटांना 'स्टबल'.

मोरपिशी
खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. 'रेखीव' ला 'शार्प फीचर्स' चालेल का? आणि तपासायची पद्धत राहिली.

शब्दखूण
'शार्प फीचर्स' आपल्याकडे कौतुक आहे. बाहेरच्या वाचकाला मात्र टोकदार, हडकुळा, जरा कठोर चेहरा दिसण्याची शक्यता असते. बाईसाठी 'डेलिकेट' किंवा 'फाइन फीचर्स', पुरुषासाठी 'चिझल्ड'.

तपासणी अशी. आधी परक्या विद्यार्थ्यांसाठी केलेला शब्दकोश उघडा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांचे मोफत ऑनलाइन आहेत. शब्दापुढे 'डिसॲप्रूव्हिंग' किंवा 'ओल्ड-फॅशन्ड' अशी खूण आहे का ते बघा. नुसत्या समानार्थी कोशावर थांबू नका, तिथे 'स्लेंडर' आणि 'स्क्रॉनी' शेजारी बसलेले असतात. मग कॉर्पसमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष लिहिल्या-बोललेल्या इंग्रजीच्या संग्रहात शोधा: ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 10 कोटी शब्दांचा आहे, अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' 100 कोटींहून मोठा. वीसेक वाक्यं वाचा आणि शब्दाच्या आजूबाजूला काय येतं ते टिपा. 'गॉन्ट' भोवती आजार, भूक, म्हातारपण दिसायला लागलं की शब्दाचा स्वभाव कळतो.

लिहिताना विशेषणांचा क्रम मत, आकारमान, घडण, रंग असा: 'स्मॉल राउंड ब्राउन आइज'. जोडविशेषणात मधली रेघ आणि शेवटी 'एड': 'स्क्वेअर-जॉड', 'थिन-लिप्ड'. 'हेअर' डोक्यावरच्या सगळ्या केसांसाठी एकवचनी आणि 'अ' शिवाय, पण 'अ लाँग नोज'.

निळावंती
एक भर: एका माणसाला दोन, फार तर तीन खुणा द्या. त्यातली एक ठेवणीची, एक कळेची किंवा भावाची. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं लिहिलं की ते पोलिसांकडे दिलेलं वर्णन होतं आणि चेहरा दिसेनासा होतो. मूळ मराठीत पाच खुणा असतील तर त्या गाळू नका, पण पहिल्या वाक्यात दोन ठेवून उरलेल्या पुढच्या संवादात पसरवता येतील का, हे लेखकाला विचारून घ्या.