चुना डोळ्यात गेला तर लिंबू नको

कुणीतरी लिहिलंय, चुना डोळ्यात गेला तर लिंबूपाणी घालून त्याचा परिणाम मारावा. कृपया असलं काही करू नका, डोळा आणखी भाजेल. नळाचं साधं पाणी, लगेच, निदान अर्धा तास, मग दवाखाना. चुना बहुतेक आम्लांपेक्षा घातक, कारण तो पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत शिरत राहतो. शिवाय पापणीखाली कण चिकटतात. डॉक्टर पापणी उलटवून ते काढतात, चुना उरलाय का ते लिटमस कागदाने (रंग बदलून आम्ल-अल्कली दाखवणारा कागद) तपासून पुन्हा धुतात. (चुन्याची पुडी पोरांच्या हाती देणाऱ्यांना काय म्हणावं!)

बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी (बुबुळाचा वरचा थर नव्याने बनवणाऱ्या पेशी) जळाल्या तरी आता उपाय आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून २०१२ मध्ये पुढे आलेल्या ‘स्लेट’ शस्त्रक्रियेत चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन, बारीक करून जळालेल्या डोळ्यावर लावतात.